चक्र डावीकडे फिरतं

९ जानेवारी

आजपासून नोकरी. पोलीस मुख्यालयाच्या तळघरातल्या शस्त्रागारात हंगामी मदतनीस, मामाच्या हाताखाली. मामा तिथला मुख्य मिस्त्री. सकाळी त्याने सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली ती अशी : "हा आमच्या ताईचा. कॉलेज अर्ध्यात सोडलंय, तेव्हा याला अर्धंच काम द्या." दुपारपर्यंत माझं नाव 'अर्धवट' पडलं. एकाच्या कानाखाली आवाज काढणार होतो, पण पहिला दिवस म्हणून गिळलं.

आईला वाटतंय पोरगा मार्गी लागला. खरं कारण या वहीत लिहायला हरकत नाही. वरच्या मजल्यावर हत्यारं वाटपाची खिडकी आहे आणि त्या खिडकीत ती बसते. कॉलेजात ती माझ्यापुढे दोन बाकांवर बसायची. दुसऱ्या वर्षात तिचं लग्न ठरलं, साध्या वेशातल्या पथकातल्या एका फौजदाराशी. त्या दिवशी मी परीक्षेचा पेपर फाडून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. लग्नाला तिने मला बोलावलं नव्हतं. मी तिथे काय केलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून.

आज मला बघून ती म्हणाली, "तू इथे?" आणि खिडकीची काच खाली ओढली. अजून लाजते. दोन वर्षांनंतरही.

१४ जानेवारी

मुख्यालयाच्या दर्शनी दालनात आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांचं प्रदर्शन मांडायचं आहे. पोलिसांत ती कधी आली, कशी बदलत गेली, असं. मी कॉलेजात इतिहास घेतला होता म्हणून काचेच्या पेटीतली माहितीपत्रकं माझ्या गळ्यात. मामा बोलतो, मी लिहितो. बोलता बोलता मामा स्वतःचीच तारीफ इतकी करतो की इतिहासात त्याच्याशिवाय कुणी झालंच नाही असं वाटावं.

मला वाटलं होतं कंटाळवाणं असेल. तसं नाही. आधी पोलिसांची रिव्हॉल्व्हरं लांब नळीची असत, पट्ट्याला लटकवलेली, सगळ्यांना दिसणारी. मग गणवेश न घालता गर्दीत फिरणारे पोलीस आले आणि त्यांना लपवता येईल असं हत्यार हवं झालं. सुरुवातीला त्यांनी आपल्याच मिस्त्र्यांकडून नळ्या कापून घेतल्या. कारखान्यांना अक्कल नंतर आली. घोड्याचं, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या हातोडीचं, शेपूट कोटाच्या अस्तरात अडकायचं, ते घासून टाकलं. मूठ लहान केली. कुणी तर चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भागच कापून घेतला, बोट पटकन आत जावं म्हणून. पुढे गोळ्यांचं चक्र बारीक करायला त्यातल्या सहा घरांतलं एक काढून पाचच ठेवली. एकूण इतिहास काय, तर काढून टाकत जाण्याचा.

नळी आखूड झाली की नेम लांबवर लागत नाही. मी पत्रकावर लिहिलं : 'हे हत्यार दूरच्या माणसासाठी नाही. ज्याच्याशी आपण बोलू शकतो अशा माणसासाठी आहे.' मामा म्हणाला, खोड ते. मी नाही खोडलं.

२० जानेवारी

कोटवाल्याला पाहिलं. तिचा नवरा. उन्हातही कोट घालतो, कारण कोटाखाली ते असतं. उंच आहे, हसरा आहे, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या पाठीवर थाप मारतो. माझ्याही मारली. म्हणाला, "तूच का तो अर्धवट? ही सांगत होती, एकाच वर्गात होता म्हणे."

म्हणजे घरी ती माझ्याबद्दल बोलते.

२८ जानेवारी

कॉलेजच्या तोंडी परीक्षेतून सुटलो आणि इथे तोंडीच गळ्यात आली. शस्त्रागाराची ही जुनी रीत, आमच्याकडे तिला 'तोंडी'च म्हणतात. एखाद्याला वेगळ्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर दिलं की ते रिकामं असताना त्याने आमच्यासमोर चाप ओढायचा, चक्र कुठे फिरतं ते बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, उजवीकडे की डावीकडे. सांगितलं नाही तर हत्यार मिळत नाही. मोठमोठे साहेब पहिलीतल्या पोरासारखे 'उजवीकडे' म्हणतात तेव्हा मामाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते मामीला लग्नात पाहूनही पसरलं नसेल.

कारण असं. सगळी रिव्हॉल्व्हरं एकाच बाजूला फिरत नाहीत, कारखान्यागणिक फरक. सगळी घरं भरलेली असली तर चक्र कुठेही फिरो, फरक पडत नाही, म्हणून आयुष्यभर वापरणाऱ्यालाही ते माहीत नसतं. पण जुने लोक चुकून उडू नये म्हणून एक घर रिकामं ठेवतात, आणि चाप ओढला की चक्र फिरून शेजारचं घर नळीसमोर येतं. ते उजव्या शेजारचं की डाव्या, हे दिशेवर. आपल्या पथकाकडे आहेत ती सहा घरांची, उजवीकडे फिरणारी. त्यात डावं शेजारचं घर पुढे येतं.

४ फेब्रुवारी

आज मजा केली. घासायला आलेलं रिकामं रिव्हॉल्व्हर परत द्यायला वर गेलो होतो. ती पाठमोरी होती. तिच्या कानामागे मी हळूच चाप ओढला. फक्त टक असा आवाज. ती किंचाळली नाही की काही नाही, जागच्या जागी खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर. पाण्याचा पेला फुटला. मला हसू आवरेना.

वळली तेव्हा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, एवढी घाबरट कधीपासून झालीस? ती काचा गोळा करत म्हणाली, "पुन्हा करणार आहेस?"

मी म्हटलं, तुला आवडलं नाही का?

"कर. मला सवय आहे."

माझी सवय आहे असं म्हणायचं असणार. कॉलेजातही मी तिला मागून जाऊन दचकवायचो.

७ फेब्रुवारी

पुन्हा केलं. या वेळी ती फक्त डोळे मिटून उभी राहिली आणि मी जाईपर्यंत उघडलेच नाहीत. इतका विश्वास.

१५ फेब्रुवारी

आज ती आपणहून माझ्याशी बोलली, आणि चांगला अर्धा तास. मी पत्रकं वाचून दाखवत होतो. तिने थांबवून विचारलं, समोर उभ्या असलेल्या माणसाला रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे की नाही हे कळतं का?

वर्गात कधी तोंड न उघडणारी ही मुलगी, आणि काय प्रश्न. मी तिला दाखवलंच. नळीसमोरचं घर सोडलं तर बाकीच्या घरांतल्या गोळ्यांची टोकं समोरून दिसतात, काळोखात लपलेल्या उंदरांच्या नाकांसारखी. रिकामं घर नुसतंच काळं. मग तिने विचारलं की पुढे कुठलं घर येणार हे त्या माणसाला कसं ओळखता येईल. मी तिच्या हातात लाकडी नमुना देऊन समजावलं, मागून बघितलं तर डावं, समोरून तेच उजव्या हाताला दिसणार. तिने तीनतीनदा करून पाहिलं. ओठ हलत होते, पाठ करतो तसे.

मुली असं का विचारतात ते मला कळतं. विषय कुठला का असेना, माणसापाशी बसायला मिळतं.

२ मार्च

लिहू की नको असं झालंय. लिहितोच.

कोटवाल्याला बढती मिळाली म्हणून त्याने संध्याकाळी घरी चहाला बोलावलं होतं. पथकातले चारजण, मामा आणि मी. घर नीटनेटकं. ती चहा देत होती. गप्पा रंगल्यावर पथकातला एक म्हणाला, साहेब, ते दाखवा ना. बाकीचे आधीच हसायला लागले.

कोटवाल्याने रिव्हॉल्व्हर काढलं, चक्र उघडून एक गोळी साखरेच्या भांड्याशेजारी उभी केली, बंद केलं आणि स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. टक. "पाहिलं? आपलं नशीब असं असतं," म्हणाला. नशीब कसलं डोंबलाचं, रिकामं घर बरोबर डाव्या शेजारी ठेवलेलं. मामाने नापसंतीचा आवाज काढून चहाचा घोट घेतला. मग कोटवाल्याने चक्र उघडून पुन्हा जागेवर आणलं आणि माझ्या कपाळाला लावलं. "आता अर्धवटाचं नशीब."

युक्ती मला माहीत होती. माझ्या पायांना नव्हती. टक झाल्यावर खाली पाहिलं तर पँट ओली. काय हसले सगळे. एकाने खुर्चीखाली फडकं टाकलं. कोटवाला तिला म्हणाला, "बघ, तू बरी. तू निदान कपडे तरी खराब करत नाहीस."

ती कपात चहा ओतत होती. एक थेंबही सांडला नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे नाही, रिव्हॉल्व्हरच्या तोंडाकडे बघत होती.

मी त्या माणसाला जिवंत सोडणार नाही.

३ मार्च

डोकं भणभणतंय. रात्रभर ते वाक्य. म्हणजे तो तिलाही लावतो. रोज? जेवताना? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरतच नाही.

५ मार्च

तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, तू फक्त हो म्हण, मी त्याला संपवतो. ती म्हणाली, हळू बोल. मग म्हणाली की वडिलांकडे दोनदा गेली होती, दोन्ही वेळा त्यांनीच परत आणून सोडलं. वरच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, अहो, गंमत करतो तो, भरलेलं घर कधी येतच नाही. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल.

ती एक पायरी वर चढली आणि म्हणाली, "तुला मी काय सांगितलं म्हणजे तू माझ्या मागे यायचं थांबशील?"

याचा अर्थ मी दिवसभर लावतोय. लोकांच्या नजरेत येऊ नये, असंच तिला म्हणायचं आहे. धीर धरायला हवा.

१९ मार्च

नवी रिव्हॉल्व्हरं आली. जुनी सहा घरांची परत घेऊन पथकाला ही द्यायची. पाच घरं, घोडा पूर्ण आत झाकलेला, खिशातून काढताना कुठे अडकणार नाही, मुठीत मावेल एवढी. मामा म्हणतो, आखूड हत्याराच्या इतिहासाचं शेवटचं पान म्हणजे हे. हातात घेतल्यावर आवडलं, खोटं का बोलू.

चक्र डावीकडे फिरतं.

२१ मार्च

वाटप सुरू. वरून ती एकेकाला पाठवते, खाली मामा हत्यार देतो, तोंडी घेतो. 'डावीकडे' म्हणताना लोकांना उगाच हसू येतं.

दुपारी ती पहिल्यांदाच तळघरात आली. मामा जेवायला गेला होता. नवं रिव्हॉल्व्हर मागितलं, रिकामं आहे ना हे दोनदा विचारलं, चाप ओढून पाहिला. चक्र सरकलं. "हे उलटं आहे," ती म्हणाली. मी खूश झालो, माझी विद्यार्थिनी. म्हटलं, शाब्बास, यात उजवं घर पुढे येतं. तिने पुन्हा ओढून पाहिला आणि रिव्हॉल्व्हर अगदी जपून, झोपलेलं मूल ठेवावं तसं मेजावर ठेवलं.

२४ मार्च

उद्या मामा रजेवर, दाढ काढायची आहे. वाटप मी करायचं. हे कळल्यावर तिने मला खिडकीशी बोलावलं. म्हणाली, उद्या तो येईल. त्याची तोंडी घेऊ नकोस.

मी विचारलं, का?

"सगळ्यांसमोर तू त्याला प्रश्न विचारणार, आणि तो ऐकून घेणार? त्या दिवसाचं काढेल. तुझ्या पँटचं. मी घरी सांगते ना त्याला. तुझ्याकडूनच तर शिकले."

माझा अपमान होऊ नये म्हणून ती इतका विचार करते. मामाची रीत मोडायची म्हणजे जिवावर येतं. पण खरं सांगायचं तर त्या माणसासमोर उभं राहून 'साहेब, चक्र कुठे फिरलं?' असं विचारण्याची मला भीतीच वाटत होती. सुटलो.

२५ मार्च

कोटवाला आला. पथकातल्या बाकीच्यांचं झालं होतं, तो शेवटचा. मी नवं दिलं, जुनं घेतलं. त्याने ते तळहातावर तोललं, खिशात टाकलं, म्हणाला, "काय अर्धवट, आज कोरडा ना?" आणि गेला.

मान वर केली नाही मी. ती सांगणार आहेच.

२९ मार्च

कोटवाला गेला.

काल संध्याकाळी पथकातले त्याच्या घरी जमले होते, नवं हत्यार बघायला. त्याने एक गोळी काढून मेजावर ठेवली, रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावलं, नशिबाचं वाक्य म्हटलं. सगळ्यांदेखत. बातमीपत्राने, म्हणजे आमच्या गावभर बोलणाऱ्या शिपायाने, सांगितलं की ती दारात तबक घेऊन उभी होती. आवाज झाला तरी तिच्या हातचं तबक पडलं नाही. धक्काच तसा असतो, तो म्हणाला.

मला आनंद झाला. लिहून टाकतो, झाला. मग थंडी वाजून आली. सांगायला विसरली असेल का ती?

३१ मार्च

चौकशी लागली. पथकातले चौघेही म्हणतात, दिशा माहीत असती तर साहेबांनी हे केलंच नसतं. म्हणजे प्रश्न एकच, तोंडी का घेतली नाही. मामाच्या गालाची सूज अजून उतरलेली नाही. त्याने मला कोपऱ्यात नेऊन फाडकन मुस्काटात मारली. म्हणाला, खरं सांग. मी सांगितलं, तिने घेऊ नको म्हटलं म्हणून. मामा बाकावर बसला. मग त्याने विचारलं, "तिने कधी तुझ्याकडून दिशा समजून घेतली होती का रे?"

मी म्हटलं, हो, दोन्हीची. मामा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाला, "जे झालं ते त्याच्याच कर्माने झालं. पोरीचं नाव काढू नकोस. पण तू तिच्यापासून लांब राहा. ती तुझ्यासाठी काहीही करणार नाहीये, बाळा, कळतंय का?"

म्हाताऱ्या माणसांना प्रेमातलं काही कळत नाही.

३ एप्रिल

आज तिची साक्ष. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं. तिने पांढरे कपडे घातले होते. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, तुम्हाला नव्या हत्याराचं काही माहीत होतं का? ती म्हणाली, "मी खिडकीतून हत्यारं देते साहेब, उघडून बघत नाही. चक्र कुठे फिरतं हे मला कसं कळणार."

मग माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, याला ओळखता? तिने बघितलं. अगदी नीट बघितलं.

"कॉलेजात होता. मला मागून येऊन घाबरवायचा. इथेही आला. याहून जास्त ओळख नाही."

मी उठून उभा राहिलो, पण क्षणभरच. मग उलगडा झाला. आमचं बोलणं होतं हे कळलं असतं तर दोघांवर संशय आला असता. काय धीर, काय डोकं. नवरा जाऊन आठवडा झालेला आणि ती माझी बाजू सांभाळते आहे. बाहेर जाताना ती माझ्या शेजारून गेली, पदर लागू नये म्हणून आवरून घेतला.

४ एप्रिल

उद्या माझा जबाब. तिचं नाव घेणार नाही, हे ठरलेलंच. पण मग सगळं माझ्यावर येतं आणि मला तुरुंग. मी आत गेलो तर तिचं कोण आहे? वडील तसे, सासरचे तसे. मला बाहेर राहायलाच हवं. रात्री खूप विचार केला. एकच वाट दिसते. मामाचं वय झालंय, मुलंबाळं नाहीत, त्याला कुणी आत टाकणार नाही.

५ एप्रिल

सांगितलं. म्हटलं, मिस्त्री मामांनी बजावलं होतं, मोठ्या साहेबांची तोंडी घेऊ नकोस, ते चिडतात.

मामा तिथेच उभा होता. मला वाटलं आता हा अंगावर येणार. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, खरं आहे? मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "हो. मीच सांगितलं असेल."

बघा. आता त्यालाही तसंच आठवायला लागलंय. म्हणजे फारसं खोटं बोललो नाही मी.

१८ एप्रिल

निकाल. मामा बडतर्फ, एवढ्या वर्षांची नोकरी धुळीला मिळाली. मी हंगामी, मला नुसतं उद्यापासून येऊ नको म्हटलं. किल्ल्या देताना मामा एकेक किल्ली मोजत बसला, शेवटी जुडगा शिपायानेच काढून घेतला. ते चौघे पथकवाले दारात उभे होते. एक त्याच्याकडे बघून थुंकला.

२ मे

आई मामाकडे गेली होती, तासाभरात परतली. मामीने दार उघडलं नाही. मामा खिडकीत आला आणि म्हणाला, ताई, आता येत जाऊ नकोस. आईने एवढंच सांगितलं, मला वाढलं आणि स्वतः न जेवता आत जाऊन पडली. मी दोनदा हाक मारली. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्या मुलीने एकदा तरी विचारलं का रे तुझं?"

मी म्हटलं, विचारेल. कसं विचारायचं याची ती संधी बघत असेल.

१० मे

तिची बदली झाली. तिने स्वतः मागून घेतली, लांबच्या गावी. जाताना कार्यालयात लिहून दिलं की नवा पत्ता कुणालाही देऊ नये. कोटवाल्याच्या भावांची भीती, दुसरं काय. बातमीपत्राने सांगायला बरेच आढेवेढे घेतले. त्याची मान धरल्यावर सांगितला. एका शाळेच्या मागे, तळमजल्याची खोली, एकटीच राहते. घरमालकिणीला म्हणे पहिल्याच दिवशी दाराला आतून दुसरी कडी बसवून मागितली.

एकटीच राहते, हे ऐकल्यावर मी तडक गाडीची वेळ विचारून आलो. इतके दिवस ती माझीच वाट बघत असणार.

आई झोपली आहे. पिशवी भरून ठेवली. गाडी सकाळची आहे. तिला कळवलेलं नाही. कळवलं तर उगाच तयारी करत बसेल.